मथुबाईचा पांचट पाक

एकदा काय झालं, एक होतं राज्य. त्याचं नाव केवडानगर. आता राज्य म्हटलं की राजा आलाच, तो येईल मागाहून. आधी फुलांचं ऐका. त्या राज्यातल्या फुलांना आपली आपण उमलताच येत नसे. कळी यायची, गाल फुगवून बसायची, पण उघडायचं नाव नाही. मग यायचा शिंजीर.

शिंजीर म्हणजे एवढासा पक्षी बरं का, माझ्या अंगठ्याएवढा. चोच लांब आणि विळ्यासारखी वाकडी. नर उन्हात आला की जांभळा दिसतो, वळला की निळा, आणि सावलीत गेला की नुसता काळा. मादी आपली साधी, पाठीला मातकट आणि पोटाशी पिवळी. घरटं बांधायचं काम तिच्याकडे, मग नटायला वेळ कुठला? तर हा शिंजीर कळीपाशी यायचा, चोचीने टिक टिक टिक असं तीनदा वाजवायचा आणि विचारायचा, ‘उघडतेस का गं?’ की कळी उघडायची. मग तो आत जीभ घालून फुलातला गोड रस प्यायचा आणि निघायचा पुढच्या दारी. फूल उमललं की फळ धरायचं. भोपळे, काकड्या, डाळिंबं, शेवग्याच्या शेंगा, सगळ्या राज्याचं जेवण त्या टिक टिकवर चालायचं.

आणि शिंजीर आलाच नाही तर? बरोबर विचारलंस. तेच तर झालं.

त्या राज्यात मथुबाई नावाची एक म्हातारी राहायची. एकटीच होती. ती हलवा करायची. शिरा नव्हे रे खादाडा, संक्रांतीचा हलवा, पांढराशुभ्र, काटेरी. शेगडीवर परात, परातीत तीळ, तिळांवर चमचाभर पाक, आणि मग बोटांनी हलवत बसायचं. पुन्हा चमचाभर पाक, पुन्हा हलवत बसायचं. असं चार-पाच दिवस केलं की तिळाला काटा येतो. मथुबाई सहा वर्षांची असल्यापासून त्या शेगडीपुढे बसली होती. तिच्यासारखा पाक पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. बोटावर थेंब घ्यायची, अंगठ्याने दाबायची, बोट उचलायची. तार निघाली की निघाली, तुटायची नाही. शेजारच्या द्वारकाबाईचा पाक जरा सैल झाला की मथुबाई नाक मुरडायची, ‘पांचट!’ म्हणायची. तिच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती.

आणखी एक खोड होती तिला. चौकस फार. मुंगी कुठे निघाली, ढग कुठून आला, राजाच्या घोड्याला शिंक का आली, सगळं विचारायची. लोक वैतागायचे.

त्या वर्षी तिच्या अंगणातल्या वाळत घालायच्या दोरीवर एका शिंजिरणीने घरटं बांधलं. वाळक्या पानांचं, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेलं, लोंबकळतं. मथुबाईने लगेच आपली लुगडी कुंपणावर वाळत घालायला सुरुवात केली. घरट्यात दोन पिल्लं झाली. आई दिवसभर कोळी नि किडे आणून त्यांना भरवायची आणि स्वतः फुलांवर जगायची. मथुबाई हलवा हलवता हलवता तिच्याशी बोलायची. शिंजिरीणही बोलायची, पण थोडंच. तिला वेळ नसायचा.

मग एके दिवशी, चैत्र सरता सरता, आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा! तासभर पडल्या. थांबल्या तेव्हा राज्यात एक फूल शिल्लक नव्हतं, एक कळी शिल्लक नव्हती. पानंसुद्धा फाटली. मथुबाई घरटं परातीने झाकून तासभर गारांत उभी राहिली होती, म्हणून तेवढं वाचलं. पाठ मात्र तिची हिरवीनिळी झाली.

राजाच्या सज्जात जास्वंदीची एक कुंडी होती. तिच्यावर तीन कळ्या होत्या. तेवढ्याच वाचल्या. माळी म्हणाला, ‘महाराज, नवी कळी धरायला एकवीस दिवस लागतील.’ आणि जास्वंदीचं फूल तर एका दिवसाचं. म्हणजे तीन कळ्या, तीन दिवस. पुढे काय?

शिंजिरांची सभा भरली. ते म्हणाले, तीन दिवस बघू. नाहीतर डोंगरापलीकडे जाऊ. तिकडे बारमाही फुलं आहेत. आता तुम्हीच सांगा, बारमाही फुलं सोडून कोण परत येतंय? म्हणजे शिंजीर गेले की केवडानगरातली कळी पुन्हा कधी उघडायची नाही. राजाला घाम फुटला. त्याने दवंडी पिटली, की शिंजिरांना जो एकवीस दिवस जगवील त्याने पुढे यावं.

मथुबाईला राज्याची काळजी नव्हती असं नाही, पण तिला खरी काळजी दोरीवरची. बाकीचे उडून जातील. पिल्लांच्या आईने काय करायचं? पिल्लांना पंख फुटायचे होते. ती त्यांना टाकून जाणार नव्हती आणि उपाशीही जगणार नव्हती. मथुबाईने तिला विचारलं, ‘बाई गं, फुलात असतं तरी काय?’

‘गोड असतं,’ शिंजिरीण म्हणाली.

‘गोड म्हणजे कसं?’

‘फुलासारखं,’ शिंजिरीण म्हणाली आणि कोळी शोधायला गेली. आता यातून कुणाला काय कळणार? पण मथुबाईने फक्त गोड एवढंच ऐकलं. ‘गोड ना? मग माझ्याएवढं गोड कोण करणार!’ असं म्हणून तिने पदर खोचला.

पहिल्या दिवशी तिने पाक केला. साखर घेतली, बुडेल एवढंच पाणी घातलं, उकळी आली तसं चमचाभर दूध घालून मळी काढली, तार बघितली. झकास एकतारी पाक, आरशासारखा. वाटीत घातला आणि दोरीखाली ठेवला. शिंजिरीण आली, वाटीत चोच घातली. आणि काय! चोच उघडेना. वरची चोच खालच्या चोचीला चिकटली. बिचारी फडफडली, दोरीवर चोच घासली, डोकं आपटलं. मथुबाईने कोमट पाण्यात बोट बुडवून हळूहळू तिची चोच सोडवली.

‘तोंड चिकटलं,’ शिंजिरीण म्हणाली.

‘मग चिकटणारच की. न चिकटायला तो काय द्वारकाबाईचा पाक आहे?’ मथुबाई म्हणाली. म्हणजे बघा, पक्ष्याने सरळ सांगितलं, पण हिला ते कौतुकच वाटलं. शहाणी माणसं अशीच कधी कधी ठार बहिरी होतात.

दुसऱ्या दिवशी तिने विचार केला, पाकात खोट नाही, मग थाटात असेल. फूल कसं, रंगीत असतं, वासाचं असतं. मग तिने पाकात केशर घातलं, वेलची घातली, गुलाबपाणी शिंपडलं, आणि हलव्याचा लाल रंग घालून तो कुंकवासारखा केला. वास असा सुटला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. शिंजिरीण दोरीच्या पार टोकाशी बसून बघत राहिली. पुष्कळ वेळाने खाली आली. जीभ काढली, टोक बुडवलं. आणि शिंकली! एकदा, दोनदा, तीनदा. एवढंसं पाखरू, शिंकेसरशी मागे कोलमडलं. वर पुन्हा चोच चिकटली, ती मथुबाईला पुन्हा कोमट पाण्याने सोडवावी लागली. आतून पिल्लं ओरडत होती. त्या दिवशी मथुबाई जेवली नाही.

द्वारकाबाई कुंपणावरून म्हणाली, ‘मथुबाई, राहू द्या हो. माणसाच्या हातचं पाखराला चालत नाही.’

मथुबाई विचार करत होती. फुलासारखं गोड, फुलासारखं गोड. म्हणजे कसं? तिने उभ्या जन्मात फुलं वेणीत माळली होती, देवाला वाहिली होती, सुईत ओवली होती. तिच्या वयाच्या पोरी लहानपणी रानात जाऊन फुलांचे देठ चोखायच्या, पण ही तेव्हा शेगडीपुढे. मथुबाई कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अगं बाई! मी फूल कधी चाखलंच नाही!’

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत राजवाड्यावर गेली. सज्जात तिसरं नि शेवटचं फूल उमललं होतं. लालभडक. त्याच्याभोवती तीन पहारेकरी, आणि राजा स्वतः छत्री धरून उभा, उन्हाने फूल कोमेजू नये म्हणून. कठड्यावर शिंजिरांची रांग लागलेली. एकेकाला एकेक घोट मिळायचा, तोही नावाला.

‘महाराज,’ मथुबाई म्हणाली, ‘ते फूल मला तोडून द्या.’

‘कशाला?’

‘खायला.’

प्रधान ओरडला, पहारेकऱ्यांनी भाले उचलले, शिंजिरांनी एकच कल्ला केला. राजा म्हणाला, ‘मथुबाई, सगळ्या राज्यात हे एक फूल उरलंय, आणि ते तुम्हाला खायचंय?’

पण मथुबाई हटली नाही. ‘महाराज, संध्याकाळी हे आपलंआपणच मिटणार. उद्या छत्री कुणावर धरणार तुम्ही? पाखरांना काय लागतं हे या फुलालाच ठाऊक आहे, आणि ते बोलत तर नाही. मला एकदा चाखून बघू द्या. चुकले तर मीच राज्य सोडून जाईन.’

राजाने फुलाकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं. रांगेत सर्वांत शेवटी ती मातकट शिंजिरीण होती, आणि तिला नीट बसताही येत नव्हतं. राजाने छत्री मिटली, फूल तोडलं आणि मथुबाईच्या हातावर ठेवलं.

मथुबाईने फुलाचा देठ अलगद काढला, बुडाकडचं टोक ओठांत धरलं आणि डोळे मिटून चोखलं. राजा श्वास रोखून उभा होता. तिने जीभ टाळ्याला लावली, गालात फिरवली, पुन्हा चोखलं. मग डोळे उघडले आणि म्हणाली, ‘पांचट!’

‘काय?’ राजा म्हणाला.

‘पांचट आहे हो! नुसतं पाणी आहे, पाण्याला जराशी गोडी. वेलची नाही, केशर नाही, काही नाही. आणि मी मूर्ख, त्या जिवाला दोन दिवस तारा पाजत होते!’ ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग ती काठी विसरून तशीच घराकडे पळाली.

घरी येऊन तिने एक वाटी साखर पातेल्यात घातली. एक वाटी पाणी घातलं. चाखलं. छे, भलतंच गोड. दुसरी वाटी घातली. अजून गोड. तिसरी वाटी उचलली आणि हात थांबला. तो हातच म्हणायचा, नको गं, बिघडेल. साठ वर्षांची सवय होती ना. मथुबाईने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि वाटी पालथी केली. तरी ते फुलासारखं लागेना. मग चौथी वाटी घातली. चाखलं. जीभ टाळ्याला लावली. तेच! अगदी तेच, फुलातलं! तिने ते उकळलं, साखर पुरती विरघळू दिली आणि उतरवलं. रंग नाही, वास नाही, तार तर औषधाला नाही. मग निवायची वाट बघत सुपाने वारा घालत बसली. गरम कसं पाजणार? इकडे ते निवेना आणि तिकडे शिंजिरीण घरट्याच्या तोंडाशी मान टाकून बसलेली. पिल्लं ओरडायचीसुद्धा थांबली होती.

निवलं. मथुबाईने चमच्यात घेऊन ते तिच्या चोचीशी धरलं. शिंजिरणीने तोंड फिरवलं.

‘घे गं माझी बाई. या खेपेला बरोबर आहे.’

‘तोंड चिकटतं,’ शिंजिरीण म्हणाली. आवाज एवढासा.

बघा, आता पाक बरोबर झाला होता, पण विश्वास उडाला होता, आणि तो काही शेगडीवर होत नाही. मथुबाईला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, ‘चुकलं माझं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही.’ मग तिने तो चमचा आपल्याच तोंडात रिकामा केला. ओठ मिटले, ओठ उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. आणि भलामोठा आ करून त्या पाखराला दाखवला, आत दोनच दात होते. ‘बघ. आऽऽ. चिकटलं का काही?’

शिंजिरीण बराच वेळ त्या तोंडात बघत राहिली. मग तिने मान पुढे केली. जीभ बाहेर आली, दोऱ्यासारखी बारीक. एकदा बुडाली. थांबली. पुन्हा बुडाली. मग जी सुरू झाली, ती चमचा कोरडा होईपर्यंत थांबली नाही. मथुबाईने दुसरा चमचा भरला, तिसरा भरला. तिसऱ्यानंतर शिंजिरीण उडाली, अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, एक कोळी पकडला आणि पिल्लांच्या चोचीत घातला. दोघांचाही ओरडा पुन्हा सुरू झाला. इतका गोड ओरडा मथुबाईने कधी ऐकला नव्हता.

मग शिंजिरीण राजवाड्यावर गेली आणि निघायच्या तयारीत असलेल्या सगळ्यांना घेऊन आली. दुपारपर्यंत सगळ्या राज्यात घरोघर एकच सांगावा गेला, एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी, उकळून, निववून, बाकी काही घालायचं नाही. दारोदारी वाट्या टांगल्या. द्वारकाबाईचं तर पहिल्याच फटक्यात जमलं, आणि ते तिने मथुबाईला दहादा ऐकवलं.

एक गंमत झाली. एका आळशी माणसाने कालचंच पाणी आज ठेवलं. उन्हाने ते आंबलं. एक जाडा शिंजीर ते प्यायला आणि झिंगून दिवसभर दोरीला उलटा लटकून गाणी म्हणत राहिला. तेव्हापासून मथुबाईने नियम घातला, की रोज वाटी धुवायची आणि रोज नवीन करायचं. आदल्या दिवशीचं कुणी ठेवलेलं दिसलं की ती काठी घेऊन दारात उभी.

मग राजाही आला. म्हणाला, ‘राज्य वाचवणारा पाक मला चाखायचाय.’ मथुबाईने वाटी दिली. राजाने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘पांचट आहे!’ प्रधान घाबरला. द्वारकाबाईने कान टवकारले. साठ वर्षांत मथुबाईच्या पाकाला असं कुणी म्हटलं नव्हतं. मथुबाई मात्र कमरेत लवून म्हणाली, ‘होय महाराज. अगदी पांचट. पाखरांना विचारा.’

असे करता करता माळ्याने सांगितलेले एकवीस दिवस सरले. बाविसाव्या दिवशी मथुबाईच्या कुंपणावर भोपळीची पहिली कळी फुगली. दोन्ही पिल्लं एव्हाना दोरीवर बसायला लागली होती. आई एकाला घेऊन कळीपाशी गेली. पिल्लाने चोच मारली, टिक टिक टिक, आणि बारीक आवाजात विचारलं, ‘उघडतेस का गं?’ कळी उघडली. पिवळीधमक. मग शेजारची उघडली, मग डाळिंब, मग शेवगा, आणि संध्याकाळपर्यंत सगळं केवडानगर फुलून गेलं.

दुसऱ्या दिवशी मथुबाईने पहाटे उठून पाक केला, निववला, वाटी भरून दोरीला टांगली आणि वाट बघत बसली. कुणी आलं नाही. ऊन वर आलं, तरी कुणी नाही. घरटंही रिकामं होतं. शिंजिरीण समोरच्या डाळिंबावर दिसत होती, दोन्ही पिल्लांना घेऊन या फुलावरून त्या फुलावर. वाटीकडे तिने मान वळवूनही बघितलं नाही.

द्वारकाबाई म्हणाली, ‘बघा, विसरली तुम्हाला.’

मथुबाईला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? चांगलंच वाटलं. इतके दिवस ती एका पाखराच्या पोटाला लागत होती, आणि आज लागेनाशी झाली. तिने डोळे पुसले, डाळिंबाकडे बघितलं. धाकटं पिल्लू एका फुलात डोकं खुपसून इतकं पीत होतं की नुसती शेपटी बाहेर. ते बघून तिला हसू फुटलं.

‘विसरू दे की,’ ती म्हणाली. ‘मला आठवायची वेळ तिच्यावर पुन्हा न येवो.’

मग तिने वाटी झाडाच्या बुंध्याशी ओतली, घासली, पुसली, फळीवर पालथी घातली. अंगणात खाट टाकली. एकवीस दिवस ती दुपारची आडवी झाली नव्हती. पाठ टेकली आणि घोरायला लागली. वर डाळिंबावर टिक टिक चालू होतं, पण तिला ते ऐकू आलं नाही.

राजाला भोपळे मिळाले, शिंजिरांना फुलं मिळाली, मथुबाईला झोप मिळाली, आणि सगळे सुखाने राहिले. माझी गोष्ट संपली, घसाही सुकला. आता पांघरूण घ्या. बोलायचं नाही. मिटा कळ्या.